तळं आणि माठ

मी एक पुस्तक चोरलं.

दुकानातून शर्टाखाली घालून पळालो असा अर्थ नाही. पुस्तक विकतच घेतलेलं होतं, आपल्याच एका कार्यकर्त्यानं. मी ते एका दिवसासाठी मागून आणलं. रात्रपाळी संपवून खोलीवर आलो, खिडकीच्या उजेडात एकेक पान मोबाईलवर टिपलं, त्याची पीडीएफ केली आणि अभ्यास मंडळाच्या ग्रुपवर टाकून दिली. ९६ पानं. एका जुन्या कवीचा संग्रह. ग्रुपात माणसं २१२. दुपारी उठलो तोवर चाळीसेक अंगठे वर झालेले, पाच-सात कडक जयभीम. खोटं कशाला बोलू, एखादा मोर्चा काढल्यासारखं वाटलं.

मग ६ डिसेंबर आला. गिरणीत दोन दिवस खाडा करून दादरला गेलो. आपल्यातले बरेचजण जातात तसाच. शिवाजी पार्कात पुस्तकांच्या रांगा, मोठमोठे मांडव, कॅलेंडरं, बिल्ले, गाण्यांचे कर्णे. त्या रांगा जिथं संपतात तिथं एका ताडपत्रीवर म्हातारा बसलेला. पुढ्यात एकच पुस्तक, त्याच्या तीस-चाळीस प्रती. मुखपृष्ठ माझ्या ओळखीचं.

मी म्हणालो, "जयभीम काका. हे वाचलंय मी. लई आवडलं."

"कुठं मिळालं?"

"पीडीएफ आली होती."

आली होती म्हणालो. मी केली असं तोंडातून निघेना.

काका हसले. म्हणाले, "सकाळपासून अकराजण येऊन सांगून गेले, वाचलंय म्हणून. प्रती गेल्या चार." मग त्यांनी हिशेब सांगितला. आधीचा संग्रह एका प्रकाशकाला पैसे भरून काढला होता. त्यानं ५० प्रती हातावर ठेवल्या. बाकीच्या छापल्या का नाही ते आजतागायत कळलं नाही. म्हणून हा दुसरा स्वतःच्या पैशानं काढला, प्रती ३००. दुकानवाला म्हणतो चाळीस टक्के कापून घेईन, ते पण पुस्तक विकलं गेलं तर, आणि सहा महिन्यांनी. ताडपत्रीवर बसलं तर निदान पूर्ण किंमत हातात पडते. शेवटी म्हणाले, "पोरा, माझ्या बापानं गावची वेठ केली. शिळ्या तुकड्यावर. मला वाटलं आपण सुटलो. आता म्हातारपणी तुमची वेठ करतोय, आणि तुम्ही मला अंगठा दाखवताय."

मी परतीच्या गाडीत हा शब्द चघळत बसलो. वेठ.

चोरी म्हणाले असते तर मला उत्तर होतं. आपल्या मंडळात ते उत्तर पाठ आहे. भाकरी चोरली तर ज्याची चोरली तो उपाशी राहतो. पुस्तकाची नक्कल काढली तर पुस्तक जागच्या जागी असतं. मग चोरी कसली? आणि चोरीची भाषा आपल्याला कोण शिकवणार? ज्यांनी हजारो वर्षं अक्षर कुलपात ठेवलं ते? २०१२ साली ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या तीन बड्या प्रकाशकांनी दिल्ली विद्यापीठातल्या एका झेरॉक्सच्या दुकानावर खटला भरला. गुन्हा काय, तर पोरांच्या अभ्यासक्रमातली पानं त्यांच्या पुस्तकांतून काढून, बांधून विकली. २०१६ च्या सप्टेंबरात दिल्ली हायकोर्टानं दावा फेटाळला. शिक्षणासाठी अशी नक्कल कायद्यात बसते असं धरलं. डिसेंबरात मोठ्या खंडपीठानंही तत्त्व तेच ठेवलं आणि २०१७ साली प्रकाशकांनी दावा मागं घेतला. हा निकाल आपल्या वसतिगृहातल्या पोरापोरींचा विजय आहे असं मी तेव्हाही मानलं, आजही मानतो. ज्या इंग्रजी ग्रंथाची किंमत महिन्याच्या मेसएवढी, त्याची पानं झेरॉक्स करून वाचणाऱ्या पोरीला चोर म्हणणाऱ्याचं तोंड मला बघायचं नाही.

बाबासाहेबांच्या खंडांचं काय झालं? १९७९ पासून राज्य सरकारनं इंग्रजी खंड काढायला घेतले, वसंत मून यांनी आयुष्य घातलं त्यात, किंमत गरिबाला झेपेल अशी. आणि पुढं? खंड संपले की वर्षानुवर्षं मिळत नाहीत. कागद घेऊन ठेवलेला, छपाई रखडलेली. २०२१ च्या डिसेंबरात मुंबई हायकोर्टाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. अशा वेळी पीडीएफ हीच आमची लायब्ररी झाली. केंद्राच्या परराष्ट्र खात्यानं ते खंड आपल्या संकेतस्थळावर फुकट ठेवले. मी पहिल्यांदा वाचले ते तिथूनच उतरवून, पाच इंची काचेवर, शब्दकोश शेजारी घेऊन. बाबासाहेबांनी हयातीत छापलेल्या लेखनावरचा कायद्याचा हक्कही २०१६ सरताना संपला, मरणानंतरची ६० वर्षं पुरी झाली. आता ते कुणीही छापावं. छापतात पण. काही जीव ओतून, काही पानं गाळून, चुका भरून, वर निळं मुखपृष्ठ चढवून.

इथवर माझं उत्तर पक्कं होतं. पण काकांनी चोरी म्हटलंच नाही ना.

आपण रोज वंदनेला पंचशील म्हणतो. दुसरं शील काय आहे बघा. त्यात चोरी हा शब्द नाही. अदिन्नादाना. जे दिलेलं नाही ते घेणं. कायदा काय म्हणतो, कोर्ट काय म्हणतं, मुदत संपली का नाही, याच्याशी त्या शीलाचं देणंघेणं नाही. एकच प्रश्न. त्यानं दिलं होतं का? काकांनी दिलं नव्हतं. मी विचारलंच नव्हतं.

हे मी मंडळात मांडलं तर माझा एक मित्र उसळला. म्हणाला, "अरे, दिलं असेल तेवढंच घ्यायचं म्हटलं तर चवदार तळ्याचं पाणी कुणी दिलं होतं आपल्याला?" मी गप्प. बैठक तिथंच मोडली. सवाल खरा होता. १९२७ च्या मार्चात बाबासाहेब तळ्यात उतरले ते कुणी ओंजळ भरून दिली म्हणून नव्हे. न दिलेलं घेतल्याशिवाय आपला इतिहास सुरूच होत नाही.

पण मग मी चार रात्री साच्यावर तुटलेले धागे सांधत विचार केला. तळं कुणाचं होतं? सार्वजनिक. १९२३ साली बोले ठराव झाला, १९२४ साली महाड नगरपालिकेनं तळं खुलं केल्याचं कागदावर आलं, तरी आपल्याला तिथं उतरू देत नव्हते. म्हणजे जे आपलंच होतं ते आपण घेतलं. आता समजा त्याच तळ्यावरून एक म्हातारा डोक्यावर माठ भरून उन्हातून चालत वस्तीत आला, आणि मी त्याला न विचारता त्या माठात तांब्या बुडवला, २११ जणांना बोलावलं आणि म्हणालो, प्या रे, पाणी सर्वांचं आहे! पाणी सर्वांचं, मान्य. चालणं कुणाचं?

विद्यापीठाचं ज्ञान, सरकारनं छापलेले खंड, बाबासाहेबांचे शब्द, हे तळं. त्यावर कुलूप दिसेल तर तोडा. काकांची ९६ पानं हा माठ. दोन्हींत पाणीच असतं, म्हणून आपली गल्लत होते.

आणि बाबासाहेबांनी स्वतःच्या माठाचं काय केलं, ते आपण वाचतो आणि विसरतो. ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' निघाला. शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले. 'केसरी'नं पैसे देऊनसुद्धा त्याची जाहिरात छापली नाही. १९२७ ला 'बहिष्कृत भारत' सुरू झालं. रकानेच्या रकाने एकट्यानं लिहायचे, रात्ररात्र जागून. आणि वर्गणी? आपलीच माणसं बुडवायची. १९२८ च्या फेब्रुवारीत त्यांना लेख लिहून समाजाला विचारावं लागलं की या पत्राचं तुमच्यावर काही ऋण आहे की नाही. पुढच्याच महिन्यात तेच बाबासाहेब मुंबईच्या कौन्सिलात महार वतनाचं बिल घेऊन उभे राहिले. रात्रंदिवस राबवून घेता, त्याचं मोल द्या, म्हणून. एका महिन्यात सरकारकडं आणि गावाकडं मोल मागितलं, त्याच्या आदल्या महिन्यात आपल्याच माणसांकडं. १९२९ च्या शेवटाला 'बहिष्कृत भारत' बंद पडलं. कुणी जाळलं नाही. बंद पडलं.

१९३६ साली लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळानं अधिवेशन रद्द केलं, तर त्यांनी ते न झालेलं भाषण स्वखर्चानं छापलं. १५०० प्रती. किंमत आठ आणे. गिरणीतल्या माणसाच्या हातून सहज सुटावी अशी ती रक्कम नव्हे. तरी दोन महिन्यांत आवृत्ती संपली. फुकट वाटली नाही त्यांनी. मला वाटतं, आठ आणे मोजणारा माणूस त्यांना हवा होता. नुसता अंगठा वर करणारा नव्हे. अर्थात हे माझं वाटणं, त्यांनी असं कुठं लिहिलेलं नाही.

धंद्याची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण तिच्यावर रडून आपण फार मोकळे होतो. पूर्वी खिळे जुळवून छापायचे तेव्हा प्रस्थापित प्रकाशक आपल्या माणसाला दारातनंच परत पाठवायचा, हे वाचायला माणूस नाही म्हणायचा. मग १९७८ ला 'बलुतं' आलं. तेही 'ग्रंथाली'कडून, म्हणजे वाचकांनाच सभासद करून दुकानांची साखळी टाळणाऱ्या चळवळीकडून. मग सगळ्यांना कळलं की आपलं दुःख विकलं जातं. पुढं कॉम्प्युटर आला, आता ५० प्रती पण छापून मिळतात. दार उघडं झालं, पण दारात पैसे भरायची खिडकी बसली. पैसे भरा, आयएसबीएन घ्या. कविता कशी आहे ते कुणी विचारत नाही. २०२० साली करोनात चैत्यभूमीला येऊ नका असा हुकूम निघाला, दीक्षाभूमीचा सोहळाही झाला नाही. आपले छोटे प्रकाशक या दोन दिवसांवर वर्ष काढतात, त्यांच्या घरात गठ्ठे तसेच बांधलेले राहिले. आणि नेमकं त्याच साली आपले ग्रुप फुगले, पीडीएफ पावसासारख्या पडल्या. मी पण तेव्हाच शिकलो.

प्रश्न सुटलाय असं नाही. आपल्याच लेखकाचं पुस्तक बड्या प्रकाशकानं पाचशे रुपयांना लावलं, त्यातले लेखकाला किती मिळतात कुणास ठाऊक, ते तळं का माठ? वसतिगृहातली पोरगी काकांचं पुस्तकही घेऊ शकत नसेल तर? तिला मी नाही म्हणू? माझ्या तोंडून ते निघणार नाही. पण आमच्या ग्रुपात सगळेच काही त्या पोरीसारखे नाहीत. मोबाईलचं रिचार्ज आम्ही कुणीच उधार मागत नाही.

आपलं हे चोपडं हातानं स्टेन्सिल फिरवून निघतं. त्याच्यावरही किंमत टाकलेली असते. या अंकाआधीच्या दोन अंकांचे माझे पैसे द्यायचे राहिलेत, संपादकांना माहीत आहे.

जानेवारीत काकांना फोन केला आणि सांगितलं की ती पीडीएफ मी केली. बराच वेळ पलीकडून आवाज नाही. मग म्हणाले, "वाचू दे रं पोरांना. पण मला विचारायचं होतंस." मी २१२ प्रतींचे पैसे हप्त्यानं देतो म्हणालो. तर चिडले. "तू काय सावकार आहेस? एका प्रतीचे पाठव. बाकीच्यांचं त्यांना कळू दे."

एका प्रतीचे पाठवले. ग्रुपवर सगळी हकीकत लिहिली, काकांचा नंबर त्यांना विचारून टाकला. आजपर्यंत सातजणांनी पैसे पाठवलेत. तिघं ग्रुप सोडून गेले. पीडीएफ अजून तिथंच आहे. काका म्हणाले, काढू नको.