ओझे कुणाचे?

उर्दू शाळेतली मुले आम्हाला ‘सर’ म्हणतात. आमचा मूळ शब्द ‘उस्ताद’ आता शाळेत फारसा ऐकू येत नाही. तो ऐकायचा असेल तर महामार्गावरच्या एखाद्या ढाब्यावर जावे. तिथे चाकाखाली दगड लावणारा, काच पुसणारा, ताडपत्रीची रस्सी आवळणारा पोरगा आपल्या ड्रायव्हरला आजही ‘उस्ताद’ अशीच हाक मारतो. बी.एड. करून आम्ही ज्या शब्दाला मुकलो, तो कसलीही पदवी नसलेल्या माणसाकडे अजून शाबूत आहे. या गोष्टीचे आम्हाला पूर्वी हसू यायचे. गेल्या वर्षापासून येत नाही.

मालेगावात आमच्या हाताखालून जी मुले गेली, त्यांतली बरीचशी मागावर बसली. कुणी गॅरेजमध्ये गेले, कुणी दुकान टाकले. दरवर्षी दोन-चार मुले मात्र ‘गाडीवर’ जातात. मुंबई-आग्रा रस्ता गावाला लागून असल्यामुळे गाडीवर जाणे म्हणजे काय, हे इथे कुणाला समजावून सांगावे लागत नाही. एकेकाळी ही मुले काही वर्षांनी पुन्हा शाळेत यायची, ती आठवी पासचा दाखला न्यायला. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 यांतल्या आठव्या नियमात वाहतुकीच्या गाडीच्या परवान्यासाठी आठवी पासची अट होती. मेवातमधल्या गरीब ड्रायव्हरांसाठी ती शिथिल करावी, अशी मागणी हरियाणा सरकारने केली आणि 2019 मध्ये केंद्राने ती अट सगळ्या देशासाठी काढून टाकली. मेवातमध्ये आपलेच भाईबंद मोठ्या संख्येने आहेत. त्यांची रोटी त्या अटीपायी अडत होती, तेव्हा निर्णय चांगलाच झाला. तरी खरे सांगायचे तर आम्हा मास्तरांना तो थोडा लागला. त्या धंद्याला आमचा उपयोग होता तो एका कागदापुरता, आणि तोही आता उरला नाही. मग मनात आले, कागदाखेरीज आपण या मुलांना काय दिले होते?

या प्रश्नाचे उत्तर द्यायची वेळ आमच्यावर अचानक आली. आमचा एक जुना विद्यार्थी मगरिबनंतर मिठाईचा पुडा घेऊन घरी आला. चार वर्षे क्लीनर म्हणून फिरला, आधी हलक्या गाडीचा परवाना काढला, कायद्याप्रमाणे वर्षभर थांबला, मग मोठ्या गाडीचा परवाना मिळवला. त्याच रात्री तो पहिल्यांदा स्वतःच्या हाती स्टिअरिंग घेऊन निघणार होता. उमराण्याच्या बाजारातला कांदा, आणि पोचायचे दिल्लीला. हजार किलोमीटरहून जास्त पल्ला, सोबत दुसरा ड्रायव्हर नाही. आम्ही मुबारकबाद दिली. चहा झाला. मग कप खाली ठेवून तो म्हणाला, “सर, एक पूछना था. गाडीत पासिंगपेक्षा जास्त माल भरला आहे. शेठ म्हणतो, सगळेच नेतात. परवा पहाटेच्या बाजाराला माल लागला पाहिजे, असेही म्हणतो. म्हणजे झोपायला वेळ नाही. रस्त्यात काही झाले, तर गुनाह कुणाच्या खात्यात? माझ्या, की शेठच्या?”

आमच्या तोंडून तत्काळ उत्तर गेले, “नाही म्हणून सांग शेठला.”

तो हसला. त्या हसण्यात उद्धटपणा अजिबात नव्हता. “सर, पहली ट्रिप है,” एवढेच तो म्हणाला.

त्या क्षणी आम्हाला आमच्या उत्तराची लाज वाटली. एक तारखेला ज्याच्या खात्यात पगार जमा होतो, त्याला ‘नाही’ म्हणायला सांगणे फार सोपे असते. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! शाळेत तपासणीच्या वेळी वरून आलेल्या हुकमापुढे आम्ही किती वेळा ‘नाही’ म्हटले आहे? हजेरीपटावरचे आकडे हवे तसे दिसावेत म्हणून आमच्याही हातून खाडाखोड झालेली आहे. त्यातून कुणाचा जीव गेला नाही, हे आमचे नशीब. त्यात आमचे कर्तृत्व काही नाही.

तो रात्रीच निघून गेला, पण प्रश्न मागे राहिला. तो नीट मांडून पाहणे भाग होते.

पहिली गोष्ट, जादा वजन हा फक्त नियमाचा प्रश्न नाही. गाडीचे ब्रेक ठरावीक वजनासाठी केलेले असतात. घाट उतरताना ब्रेक सतत दाबून ठेवला की तो तापतो, आणि तापला की त्याची पकड सुटत जाते. वजन जितके जास्त, तितके हे लवकर घडते. म्हणून जुने उस्ताद शिकवतात की ज्या गिअरने घाट चढतोस, त्याच गिअरने उतर. धुळ्याच्या पुढे सेंधव्याकडे जाताना बिजासन घाट लागतो. त्याच रस्त्यावरच्या पळासनेरला 4 जुलै 2023 रोजी एक कंटेनर हॉटेलात घुसला आणि किमान दहा माणसे मेली. ब्रेक निकामी झाले, असे तेव्हा सांगण्यात आले. तिथे चहा पीत बसलेल्या माणसाला गाडी कुणाची आणि हुकूम कुणाचा, याच्याशी काय देणेघेणे होते?

दुसरी गोष्ट, कायदा आपल्याला वाटतो तितका भोळा नाही. मोटार वाहन कायदा, 1988 याच्या कलम 113 मध्ये वजनाची मर्यादा आहे. चालवणारा माणूस गाडीचा मालक नसेल, तर हा गुन्हा मालकाच्या माहितीने किंवा त्याच्या हुकमाने झाला, असे न्यायालयाला गृहीत धरता येते, असेही तिथे लिहिले आहे. म्हणजे शेठ काय बोलतो, हे कायदा करणाऱ्यांना ठाऊक होते. कलम 194 चा दंडही गाडी चालवणाऱ्याला आणि ती तशी चालवू देणाऱ्याला, अशा दोघांना लागू होतो. 2019 च्या दुरुस्तीनंतर तो 20,000 रुपये आणि वर प्रत्येक जादा टनामागे 2,000 रुपये असा झाला. शेठ सुटत नाही, हे यातून कळते. पण म्हणून ड्रायव्हर सुटतो का?

इथे आम्हाला गाडीचीच रचना उपयोगी पडली. वजनाचा हिशेब एक्सलवर असतो. दोन एक्सलच्या गाडीला जो माल झेपत नाही, तो जास्त एक्सलच्या गाडीला चालतो, कारण ओझे वाटले जाते. जबाबदारीही अशीच वाटली जाते, असे आपण धरून चालतो. थोडी शेठकडे, थोडी भाडे जमवणाऱ्या दलालाकडे, थोडी काट्यावर बसलेल्याकडे, थोडी नाक्यावर हात पुढे करणाऱ्याकडे; उरलीसुरली चिमूटभर ड्रायव्हरकडे. पण तिघांनी मिळून विहीर उघडी टाकली आणि तीत मूल पडले, तर प्रत्येकाच्या खात्यात एकतृतीयांश मूल जमा होत नाही. प्रत्येकाच्या खात्यात ते सबंध मूल असते. ओझे वाटल्याने हलके होते, जबाबदारी वाटल्याने होत नाही. आपल्या करणीचा जाब ज्याने त्याने द्यायचा, हे आपण घराघरात लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ‘शेठने सांगितले होते’ हे वाक्य खरे असेल. पण ते शेठचा हिशेब सांगते, आपला नाही.

मग झोपेचे काय? ड्रायव्हरने किती तास गाडी चालवावी, हे 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात लिहिले होते. दिवसाला 8 तास, आठवड्याला 48 तास, लांब पल्ल्यासाठी परवानगीने थोडी सूट आणि सलग 5 तासांनंतर विश्रांती. नोव्हेंबर 2025 मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली. पण गाडी रस्त्यावर पहाटेच्या बाजारासाठी धावते, आणि नासणाऱ्या मालाचे घड्याळ कायद्याच्या घड्याळाहून पुढे असते. तरीही झोप आणि वजन यांत आम्हाला एक फरक दिसतो. वजन दुसऱ्याने भरलेले असते. ते उतरवायला हमाल लागतात, जागा लागते, मालकाची हरकत येते. झोप ज्याची त्याच्या डोळ्यांत असते. ती आली आहे, हे केबिनमध्ये त्याच्याखेरीज कुणालाच कळत नाही. जे फक्त आपल्यालाच कळते, त्याची अमानत फक्त आपल्यापाशीच असते. तिथे हुकमाची सबब पोचतच नाही.

इथवर विचार करून थांबलो असतो, तर हा लेख ड्रायव्हरला केलेला उपदेश झाला असता. पण हिशेबाचे दुसरे पान अजून उघडायचे आहे. दोष वाटला जात नाही हे खरे, पण भल्याने वागण्याची किंमतही वाटली जात नाही, आणि ती बहुधा एकट्या ड्रायव्हरकडूनच वसूल होते. अपघात झाला की जखमीला दवाखान्यात पोचवणे, ही कलम 134 नुसार ड्रायव्हरची जबाबदारी आहे. त्याच कलमात जमावाच्या संतापामुळे ते शक्य नसेल तर, असा अपवादही आहे. कायद्याला जमावसुद्धा माहीत आहे! जानेवारी 2024 च्या आरंभी देशभरचे ट्रकवाले गाड्या उभ्या करून बसले, ते याच पेचापायी. नव्या न्याय संहितेत अपघातात जीव गेल्यावर न कळवता पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षा लिहिली होती. 1 जुलै 2024 ला संहिता लागू झाली, तेव्हा ते पोटकलम बाजूला ठेवले गेले. पळून जाणे वाईटच. रस्त्यावर विव्हळणारा माणूस कुणाचा तरी बाप असतो. पण थांबणाऱ्याला कोण वाचवणार? आणि जमावाने नाव विचारले, तर? या एका प्रश्नाने आपल्यातल्या कितीतरी अम्मींची झोप उडते, हे इथे वेगळे सांगायला नको.

ज्याने दुसऱ्याला भले वागायला सांगितले, त्याने त्या भलेपणाच्या किमतीतला काही वाटा उचलला पाहिजे. नाहीतर तो सल्ला म्हणजे दुसऱ्याच्या गाडीत भरलेला आणखी एक जादा टन. आम्ही आमचा वाटा शोधू लागलो, तेव्हा तो बराच निघाला. कांदा स्वस्त मिळावा अशी आमची इच्छा असते. भाडे कमी ठेवायचे तर खेपा कमी आणि माल जास्त भरावा लागतो. आणि शाळेत? या मुलाच्या प्रगतिपुस्तकावर आम्हीच लिहिले होते, ‘आज्ञाधारक’. चौदा वर्षांच्या मुलाचा तो सर्वांत मोठा गुण आहे, असे आम्हाला वाटत होते. न पटलेल्या गोष्टीला अदबीने ‘नाही’ कसे म्हणावे, याचा एकही तास आम्ही घेतला नाही. वर्गात ज्याने आमच्या पुढ्यात ‘नाही’ म्हटले, त्याला बाहेर उभे केले. आता त्याच मुलाने शेठपुढे उभे राहावे, अशी आमची अपेक्षा!

रात्री अकराच्या सुमारास आम्ही त्याला फोन केला. माल भरून झाला होता, ताडपत्री बांधणे चालले होते. आम्ही म्हणालो, “वजनाचे जे झाले ते झाले, पुढच्या खेपेच्या आधी आपण दोघे मिळून शेठकडे जाऊ. पण झोप आली की गाडी थांबव. त्यासाठी जे पैसे कापले जातील, ते आमच्याकडून घे. नोकरी गेली, तर दुसरी मिळेपर्यंत घरच्या किराण्याचे आम्ही बघू.” पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग तो म्हणाला, “सर, आप फिक्र मत करो.”

चार दिवसांनी तो परत आला. बिजासन घाट त्याने पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये उतरला होता. दुसऱ्या रात्री शिवपुरीच्या अलीकडे डोळे मिटू लागले, तेव्हा एका ढाब्यावर गाडी लावून तो तीन तास झोपला. बाजार चुकला. शेठने पाचशे रुपये कापले. आम्ही पाकीट काढले, तर त्याने हात मागे घेतला. म्हणाला, थांबायचे त्याने आमच्या फोनमुळे ठरवले नव्हते. क्लीनर असताना त्याच्या उस्तादाने पहिल्याच दिवशी बजावले होते, “मालिक से सौदा कर, नींद से मत कर.” त्या माणसाला सही करतासुद्धा येत नाही.

आम्ही काय बोलणार? जे दहा वर्षांत आम्ही शिकवले नाही, ते त्याने एका वाक्यात शिकवले होते. मात्र वजनाचा प्रश्न त्या उस्तादानेही सोडवलेला नाही. तोही आयुष्यभर जादा माल वाहत आला आहे. तेव्हा तेवढे काम आमच्यासाठी शिल्लक आहे. पाचशे रुपये आम्ही शेवटी त्याच्या अम्मीच्या हाती दिले. पुढच्या जुम्याला, नमाजनंतर, आम्ही दोघे शेठकडे गेलो. शेठने चहा पाजला, सगळे ऐकून घेतले आणि बघतो म्हणाला. आणखी एकदा जावे लागेल, असे दिसते. या वेळी इतर दोन मास्तरही सोबत यायला तयार आहेत.