मिळवती आणि न मिळवती

उपयोगी पडेल त्याला मान मिळतो, असे आपण मुलांना शिकवतो. मान मिळतो हे खरे. पण त्याला उसंत मिळते काय, हे कोणी विचारीत नाही.

सर्पगंधेचेच पाहा. गुडघ्याएवढे झुडूप, लाल देठांवर पांढऱ्या फुलांचे गुच्छ. गडचिरोलीकडच्या पानझडीच्या रानांत ती आढळते. वैद्यांना तिचे मूळ पूर्वापार ठाऊक होते. १९४९ साली मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबावरचा तिचा गुण जगापुढे मांडला. १९५२ साली तिच्यातून रेसरपीन वेगळे काढण्यात आले. कीर्ती वाढली, तशा कुदळीही वाढल्या. गुण मुळात, आणि मूळ खणले की झाड संपले! अखेर १९९० साली तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध घालावे लागले.

दुसऱ्या टोकाला मॉस. ओल्या खडकावरची ही हिरवी मखमल. त्याला फूल नाही, बी नाही, खरे मूळही नाही. त्याच्या दुर्मिळ जाती ठरावीक सावली आणि ओल असेल तेथेच तग धरतात. त्यांना कोणी खणीत नाही. पण वरचे झाड तुटले, खडकावर ऊन आले, की त्या मुकाट्याने नाहीशा होतात; आणि गेल्याचे कोणाच्या ध्यानातही येत नाही.

संसारातही असेच चालते. मिळवत्याला आपण पिळतो, न मिळवत्याला विसरतो. अन्याय दोन, पण माप एकच : उपयोगाचे.

कोणी म्हणेल, मॉसही उपयोगी आहे. पहिल्या महायुद्धात सैनिकांच्या जखमांवर स्फॅग्नम मॉस बांधीत. खरे आहे. पण एवढ्याचसाठी त्याला वाचवायचे, तर उद्या त्याची सर्पगंधा व्हायला कितीसा वेळ?

आलापल्लीजवळ सुमारे ६ हेक्टरांचे रान १९५३ पासून राखलेले आहे. २०१४ साली ते जैवविविधता वारसास्थळ ठरले. सागाची किंमत सर्वांना ठाऊक, तरी तेथे सागालाही कुऱ्हाड लागत नाही. सगळे रान असे राखता येणार नाही, हे उघड आहे; मोह, तेंदू, बांबू यांवर तिकडच्या चुली पेटतात. घेणे हे पाप नव्हे. मात्र मूळ शिल्लक ठेवून घ्यावे, आणि थोडे तरी रान काही न मागता राहू द्यावे.

दिवाळीच्या फराळाला आपण कोणाची मिळकत विचारून ताट वाढीत नाही. रानाशीही इतपत घरोबा ठेवायला काय हरकत आहे?