पिणारा एकटाच नव्हे

गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती 2015 मध्ये आली आणि 2021 मध्ये उठली. वैनगंगेच्या एका तीरावर परवाना, दुसऱ्या तीरावर गुन्हा! सूरह माइदाच्या 90 व्या आयतीतील मनाई मात्र दोन्ही तीरांवर तीच आहे.

गणवेशातील खाणकामगाराला दुकानदाराने बाटली नाकारली, तर उत्तमच. पण कपडे बदलून आलेल्या त्याच माणसाला ती मिळाली, तर नाकारले ते काय?

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मद्यासंबंधी दहा जणांचा धिक्कार केला, त्यांत विकणारा आहे, वाहून नेणाराही आहे. ‘मी पीत नाही’ म्हणत खोकी वाहणाऱ्या आपल्या चालकबांधवाने याचा विचार करावा. रोजी बुडण्याची त्याची भीती खरी आहे. म्हणूनच त्याला दुसरे काम मिळवून देण्याविषयी येत्या जुमाच्या नमाजनंतर मस्जिदीतच बोलणे व्हावे.