भयाच्या वेळी दिलेला गोड घास

भुताखेतांचे आणि मरणाचे रूप खाऊला देऊन तो मुलांच्या हाती ठेवावा काय, हा प्रश्न वरवर पाहता केवळ हौसेचा वाटतो; परंतु मृत्यूची पहिली ओळख मुलाला कोणाच्या हातून आणि कोणत्या भावनेने व्हावी, या धर्मविचारातील जुन्या प्रश्नाशी त्याचे नाते आहे. ३१ ऑक्टोबरच्या रात्री साजरा होणारा हॅलोवीन हा सण अमेरिकेतील मराठी कुटुंबांच्या आणि आता पुण्या-मुंबईतील काही शाळांच्या व गृहसंकुलांच्याही परिचयाचा झाला आहे. बदामाचे नख बसवलेली बोटाच्या आकाराची बिस्किटे, अंड्यातील पांढरा भाग साखरेबरोबर फेटून मंद आचेवर भाजलेली पांढरीशुभ्र भुते आणि चॉकलेटचे कोळी असे पदार्थ त्यानिमित्ताने मुलांसाठी केले जातात. ही परकी आणि अभद्र करमणूक आहे, असा आक्षेप त्यावर घेतला जातो. पण तो मान्य करण्यापूर्वी पिठोरी अमावास्येचे व्रत समोर ठेवावे लागते, कारण मूल, मृत्यू, भयप्रद शक्ती आणि गोडधोड हे चारही घटक त्या व्रतात एकत्र आलेले आहेत.

हॅलोवीन मुळात मृतांच्या स्मरणाशी जोडलेला आहे. १ नोव्हेंबर हा ख्रिस्ती परंपरेत सर्व संतांचा आणि २ नोव्हेंबर हा सर्व मृतात्म्यांचा दिवस मानला जातो, आणि त्यांच्या आदल्या रात्रीला हा सण येतो. जुन्या इंग्लंडमध्ये या दिवसांत गोरगरीब आणि मुले दारोदार जात, घरातील मृतांसाठी प्रार्थना करण्याचे कबूल करत आणि त्याबदल्यात त्यांना छोटे गोड केक मिळत. मेक्सिकोत याच दिवसांत साखरेच्या कवट्या करून त्यांच्या कपाळावर नावे लिहिण्याची रीत आहे. म्हणजेच भयाकृती खाऊच्या मागे मृतांची थट्टा नसून मृत आणि जिवंत यांच्यातील देवाणघेवाण उभी होती.

पिठोरीचे व्रत श्रावण अमावास्येला संततीच्या आयुष्यासाठी केले जाते, आणि त्यात चौसष्ट योगिनींची, म्हणजे देवीच्या परिवारातील उग्र शक्तींची, पूजा होते. त्यांच्या मूर्ती पिठाच्या करण्याची प्रथा होती, आता बहुधा छापील चित्र पूजले जाते. व्रताच्या कहाणीतील सून दरवर्षी नेमकी घरच्या श्राद्धाच्या दिवशी बाळंत होते, मूल लगेच दगावते आणि जेवायला बोलावलेले ब्राह्मण उपाशी परततात. शेवटी सासरा तिला मेलेल्या मुलासह घराबाहेर काढतो. रानात तिला झोटिंगाची, म्हणजे माणसे खाणाऱ्या पिशाच्चाची, बायको भेटते, आणि तिच्याच सांगण्यावरून ती रात्री पूजेला आलेल्या देवकन्यांपुढे अतिथी म्हणून उभी राहून आपली मुले जिवंत परत मिळवते. पूजेनंतर आई खीरपुरीचे वाण डोक्यावर धरून मागे न पाहता ‘अतिथी कोण?’ असे विचारते, पाठीमागे उभे असलेले मूल ‘मी’ म्हणून आपले नाव सांगते आणि वाण घेते. भीतीची कहाणी ऐकलेल्या मुलाच्या हाती त्याच बैठकीत खीर पडते, आणि यात कोणालाही काही अभद्र वाटत नाही.

या अनुभवाचे एक स्पष्टीकरण भारतीय काव्यशास्त्रात मिळते. भरताच्या नाट्यशास्त्रात भयानक हा आठ रसांपैकी एक मानला आहे. रस म्हणजे प्रत्यक्ष धोक्यापासून सुटलेल्या भावाचा आस्वाद, आणि म्हणूनच रंगभूमीवरचा राक्षस पाहून प्रेक्षक पळून जात नाही. साखरेचे भूत खाणारे मूलही भयाचा असाच आस्वाद घेते. परंतु हे स्पष्टीकरण खाऊच्या आकारापाशी थांबते. तो खाऊ द्यावा का आणि कोणाला द्यावा, हे त्यातून कळत नाही.

त्यासाठी कठोपनिषदाकडे वळावे लागते. बापाने मृत्यूला देऊन टाकलेला नचिकेता हा मुलगा यमाच्या घरी पोहोचतो तेव्हा यम घरी नसतो, आणि मुलाला तीन रात्री अन्नावाचून काढाव्या लागतात. परतलेल्या यमाला अतिथी उपाशी राहिल्याचा दोष लागतो व त्याच्या निवारणासाठी तो तीन वर देतो. ज्याला सारे जग भिते तो मृत्यू एका उपाशी मुलापुढे अपराधी ठरतो, हा या कथेचा सर्वांत खोल विचार आहे. पुढे त्याच उपनिषदात परमतत्त्वाचे वर्णन करताना मृत्यूला त्याच्या जेवणातील तोंडीलावणे म्हटले आहे; परंतु त्या ज्ञानापर्यंत जाणारी वाट अतिथीच्या भुकेची दखल घेतल्यावरच खुली होते. पिठोरीच्या कहाणीतही उपाशी परतणारे अतिथी आणि मरणारी मुले एकाच दुःखात गुंफलेली आहेत. दोन्ही कथांचा निष्कर्ष एकच निघतो: भय जाते ते आतिथ्याने, आणि गोड घास हे त्या आतिथ्याचे मुलाला समजणारे रूप आहे.

हा निकष लावला की दोन्ही परंपरांचे बळ आणि उणीव दिसू लागते. हॅलोवीनमध्ये आज मृतांसाठीची प्रार्थना बहुतेक लोपली आहे, पण दारात आलेल्या अनोळखी मुलाला खाऊ देण्याची रीत टिकून आहे. पिठोरीत मृत्यूचे गांभीर्य टिकले आहे, पण अतिथी म्हणून उत्तर देणारे मूल घरचेच असते. इंदापूर तालुक्यातील, बारामतीपासून जवळ असलेल्या भवानीनगरसारख्या गावात अतिथी कोणाला मानायचे हा प्रश्न केवळ तात्त्विक राहत नाही. श्री छत्रपती सहकारी साखर कारखान्याचे हे गाव, आणि नीरा डाव्या कालव्याखालचा हा सारा मुलूख उसाचा. साखरपट्ट्यात दिवाळीच्या सुमारास बीडसारख्या जिल्ह्यांतून ऊसतोड कामगार येतात. नवरा-बायकोची जोडी, म्हणजे एक ‘कोयता’, पहाटेच फडात जाते आणि लहान मुले कोपीपाशी, म्हणजे पाचटाच्या तात्पुरत्या झोपडीपाशी, नाहीतर फडाच्या बांधावर दिवस काढतात. खाऊतली साखर ज्या उसापासून होते तो तोडणाऱ्यांची मुले त्या खाऊच्या वाटणीत नसतील, तर खाऊला भुताचा आकार दिला काय किंवा करंजीचा दिला काय, धर्माच्या दृष्टीने त्यात फरक पडत नाही.

म्हणून भयाकृती मिठाईचा प्रश्न स्वकीय-परकीय या वादाने सुटणारा नाही. मृतांची कथा मुलाला सांगावी, तिच्यातील भय न लपवता सांगावी, खाऊही आवडेल त्या आकाराचा करावा. मात्र ‘अतिथी कोण?’ हा प्रश्न उंबरठ्याबाहेर ऐकू जाईल इतक्या मोठ्याने विचारावा आणि बाहेरून येणाऱ्या ‘मी’ला घरच्या मुलाइतकाच वाटा द्यावा. मृत्यूविषयी मुलांना देता येईल असे याहून अधिक खरे शिक्षण नाही.