रज्जु, सर्प आणि सापसुरळी

दोरीच्या ठायीं सर्पाचा भास होतो, हा वेदान्तांतील दृष्टान्त आमच्या वाचकांच्या परिचयाचा आहे. दिवा आणतांच भ्रम निरसतो, आणि दोरीचें कांहींच बिघडलेलें नसतें. परंतु दोरीच्या जागीं एखादा जीव असला तर? दिवा येण्यापूर्वींच काठी पडलेली असते.

घोडनदीकांठचें शिरूर आणि भीमेकांठचें दौंड या तालुक्यांत बांधावरील दगडांखालीं वा पाचोळ्यांत राहणारी सापसुरळी ही अशाच भ्रमाचा बळी होय. ती पाली-सरड्यांच्या कुळांतली. अंग तुळतुळीत, पाय इतके आंखूड कीं पळतांना दिसतहि नाहींत. या कुळांत पाय मुळींच नसलेले प्राणीहि आहेत. चिल्का सरोवरांतील बरकुडा बेटावरच्या अशा एका जातीचें वर्णन ॲनंडेल यांनीं १९१७ सालीं केलें. सापसुरळीची पापणी मिटते, कानाचें छिद्र असतें, तुटलेली शेपटी पुन्हा वाढते. सापाच्या ठिकाणीं यांतलें एकहि नाहीं. तिला विष नाहीं. तरी लोक तिला सापाची मावशी म्हणतात. भाषेनेंच तिच्यावर आरोप ठेवला आहे!

कोणी म्हणेल, हें अज्ञान आहे, पाप नव्हे. म्हणणें अगदींच खोटें नाहीं. भारतांत २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशानें सुमारें १२ लाख माणसें दगावलीं, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. रात्रीं अनवाणी उंसाला पाणी देणाऱ्यास दिव्याखालीं बसून उपदेश करण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. परंतु भीति क्षम्य असली म्हणून ती न्यायाधीश होण्यास पात्र ठरत नाहीं.

शिवाय, ‘अरेरे, ही तर सापसुरळी!’ असें आपण हळहळतों, तेव्हां त्या हळहळींत दुसरा एक निवाडा दडलेला असतो: साप असता तर योग्यच झालें असतें. मग उंदीर खाऊन शेतकऱ्याचेंच धान्य राखणाऱ्या बिनविषारी धामणीचा अपराध कोणता? आणि नाग किंवा घोणस यांनीं तरी आपल्या वाटेंत मुद्दाम येण्याचें योजिलें होतें काय? ज्या दयेला आधीं नांव विचारावें लागतें, ती दया अपुरीच होय.

म्हणून प्राणिशास्त्र ठाऊक नाहीं ही सबब आम्हांस पुरेशी वाटत नाहीं. दोन पावलें मागें सरण्यास ओळख पटावी लागत नाहीं. समोर साप असला तर त्यानें आपला जीव वांचतो, सापसुरळी असली तर तिचा.