निद्रा, उदासी आणि सीवकाचा प्रश्न



घरातली सून रात्र-रात्र झोपत नाही, चुलीपुढे बसून रडते. शेजारीण सांगते, "बाहेरचं आहे, देवऋषाकडे न्या." देव्हारा आपण घराबाहेर काढला, देवऋषी मनातून निघाला काय? दुसरा म्हणतो, "मागल्या जन्मीचं पाप!" हे तर त्याहून घातक. याच पापाचे नाव सांगून आपल्या वाडवडिलांना गावकुसाबाहेर ठेवले होते.

मोलिय सीवक नावाच्या परिव्राजकाने राजगृहाच्या वेळुवनात भगवान बुद्धांना हेच विचारले होते. सारे सुखदुःख पूर्वकर्माचेच फळ काय? भगवंतांनी पित्त, कफ, वात, ऋतुबदल, शरीराची हेळसांड, बाहेरचा आघात अशी कारणे मोजून दाखविली, आणि सर्व भार पूर्वकर्मावर टाकणाऱ्यांचे म्हणणे चूक ठरविले.

आज विज्ञान मेंदूतील रसायने दाखविते. जागेपणी मेंदूत अडेनोसिन साठते, त्यातून झोपेची ओढ लागते. चहातील कॅफिन तिला अडविते. अंधार पडला की पिनियल ग्रंथी मेलाटोनिन सोडते. रात्रपाळीच्या कामगाराची झोप का बिघडते, ते यावरून कळेल. दारूने डोळा लागतो, पण उत्तररात्री झोप मोडते. पाचवे शील मोडणाऱ्याची बायकोही जागीच असते, हे निराळे!

उदासीचेही तसेच. १९५२ साली न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू रुग्णालयात क्षयरोग्यांना इप्रोनियाझिड दिले, तेव्हा खंगलेल्या माणसांना उल्हास आला. उलट, सर्पगंधेतील रेसरपीन रक्तदाबासाठी घेणारे काहीजण खिन्न झाले. पहिल्या औषधाने मेंदूतील सेरोटोनिन, नॉरॲड्रेनॅलिन टिकून राहते, दुसऱ्याने आटते. मात्र एका रसायनाच्या हिशेबात सारी उदासी बसत नाही. कर्ज, अपमान, नवऱ्याची मारहाण यांचाही त्यात वाटा असतो. भगवंतांनी आघात वेगळा मोजला, तो उगीच नव्हे.

तेव्हा सुनेला सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात न्या. गोळ्यांचा गुण यायला कित्येक आठवडे लागतात. आठ दिवसांत कंटाळून, डॉक्टरांना न विचारता त्या बंद करू नका. ध्यान अवश्य करावे, पण औषधाच्या बदल्यात नव्हे. भगवंतांनी स्वतः जीवक वैद्याचे औषध घेतले होते. आणि सासूबाई, तिच्याबरोबर तुम्हीच जा. डॉक्टर विचारतील, झोप कधीपासून गेली? ते तिच्याआधी तुम्हाला ठाऊक असेल.