सरकारी नजर, खाजगी डोळे

चष्मा हा रोग आहे की दागिना, याचा निकाल आपल्याकडे अजून लागलेला नाही. लग्न जमवताना तो रोग असतो. मुलगा बोर्डात आला की तोच विद्वत्तेचा दागिना होतो. अमेरिकेच्या लष्कराने मात्र नियम करून हा वाद मिटवून टाकला आहे. चष्मा सैनिकाच्या नाकावर असेल, तर तो घालवणे ही युद्धाची गरज. त्याच्या बायकोच्या नाकावर असेल, तर तो घालवणे ही निव्वळ हौस.

हे ज्ञान मला भाच्यामुळे झाले. माझी थोरली बहीण लग्न होऊन अमेरिकेत गेली. तिचा मुलगा तिथेच जन्मला, तिथेच वाढला आणि घरात कोणाला न विचारता तिथल्या पायदळात भरती झाला. आमच्या घराण्याचा शस्त्रांशी संबंध म्हणाल, तर दसऱ्याला विळी-कोयता पुजण्यापुरता. त्यातून भाच्याचा नंबर उणे पाच. चष्मा काढला की समोर शत्रू आहे की मामा, हे त्याला आवाजावरून ओळखावे लागायचे.

एके दिवशी व्हिडिओ कॉलवर म्हणाला, "मामा, डोळ्यांचं लेझर करून घेतोय. एकदम फुकट!"

'फुकट' या शब्दाला आमच्या पिढीचे कान लगेच टवकारतात आणि पाठोपाठ भुवयाही वर जातात. मी चौकशी केली. या लेझरचा उगम एका कंपनीच्या प्रयोगशाळेत आणि मेजवानीतल्या उरल्यासुरल्या टर्कीत आहे, असे कळले. १९८१ साली तिथल्या सणाच्या दुसऱ्या दिवशी मद्रास विद्यापीठात शिकलेले रंगस्वामी श्रीनिवासन आणि त्यांचे सहकारी यांना असे दिसले की, एक्सायमर लेझरने प्राण्याच्या शरीराचा भाग आजूबाजूला न भाजता अगदी नेमका तासता येतो. आपल्याकडे उरलेल्या पोळ्यांचा फार तर कुस्करा होतो. तिथे उरलेल्या पक्ष्यातून जगाचे चष्मे उतरले.

पुढे १९९३ साली अमेरिकन नौदलाने सॅन डिएगोला सैनिकांच्या डोळ्यांवर याचे प्रयोग सुरू केले. भूदलाने २००० साली त्यासाठी वेगळा कार्यक्रमच काढला. कारण उघड आहे. वाळवंटात चष्म्यावर धूळ बसते, घामाने वाफ धरते आणि वायूच्या मुखवट्यात चष्म्याच्या काड्या मावत नाहीत. शिवाय लष्कराकडून पूर्वी मिळणारा तपकिरी चष्मा इतका बेढब होता, की जवान त्याला 'संततिनियमनाचा चष्मा' म्हणत. तो घातल्यावर कुठलीही मुलगी जवळ येणार नाही, अशी हमी होती!

पण फुकटाला अटी असतातच. ऑपरेशनसाठी वरिष्ठाची सही लागते. नोकरीचे ठरावीक महिने शिल्लक असावे लागतात. प्रत्यक्ष लढणाऱ्यांचा नंबर आधी. एरवी बुबुळाचा पातळ पापुद्रा उचलून लेझर मारतात आणि तो परत बसवतात. पण दणका बसला तर पापुद्रा सरकायचा, म्हणून सैनिकांसाठी बऱ्याचदा पापुद्र्याशिवायची जुनी पद्धत वापरतात. ती जास्त दुखते आणि बरी व्हायला वेळ घेते. म्हणजे माणसाला काय सोसेल यापेक्षा बंदुकीच्या दणक्याला काय सोसेल, याचा विचार आधी.

इथे माझ्यातला तत्त्वज्ञ जागा झाला. घोड्याला नाल फुकट ठोकतात, पण ते काही घोड्याचे लाड नव्हेत. मग या डोळ्यांना देणगी म्हणायचे की नाल?

ताईला तत्त्वज्ञानाची गरज नव्हती. ती फोनवर म्हणाली, "अरे, डोळे अधू आहेत म्हणून निदान मागे तरी ठेवतील, असं मला वाटायचं. आता डोळे चांगले करून त्याला पुढे उभं करतील." यावर मला उत्तर सुचले नाही. मुलाची नजर सुधारू नये, असे वाटण्याची वेळ आईवर यावी, याला कोणते नीतिशास्त्र उत्तर देणार?

सुनेचा प्रश्न वेगळा. तिचाही नंबर जवळपास तेवढाच. 'ट्रायकेअर' ही आरोग्य योजना सैनिकाबरोबर त्याच्या कुटुंबालाही लागू असते; पण केवळ चष्मा जावा म्हणून केलेल्या लेझरचा खर्च ती देत नाही. एका घरात, एका पलंगावर, दोन सारखेच नंबर. एक गरज, एक हौस! मी लष्कराच्या या पक्षपातावर तावातावाने बोलणार होतो, तेवढ्यात मला आमचे जुने घर आठवले.

वडिलांचा नंबर बदलला की नवा चष्मा येई, कारण त्यांना कचेरीत काम. जुना चष्मा आईकडे जाई, काडीला दोरा बांधून. आईचा नंबर काय होता, हे कोणी तपासलेच नव्हते. जेवताना तांदळातला खडा दाताखाली आला की वडील म्हणत, "अगं, चष्मा लावून निवडत जा." खर्चाच्या वहीत वडिलांचा चष्मा गरजेत बसे, आईच्या चष्म्याला रकानाच नव्हता. तेव्हा गरज ही डोळ्यात नसते. त्या डोळ्यांचा उपयोग ज्याला होतो आणि जो खर्च करतो, त्याच्या वहीत असते. लष्कराने ते निदान लेखी दिले आहे. आम्ही त्याला संसार म्हणत होतो.

तरीही घोड्याची उपमा एका ठिकाणी लंगडते. नोकरी संपली की सरकार बंदूक काढून घेते. डोळे परत मागत नाही. शत्रू दिसावा म्हणून दिलेल्या नजरेने तो उद्या पोरांचे गृहपाठ तपासील, आईच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या मोजील. देणाऱ्याचा हेतू सरकारी असला, तरी बघणे खाजगीच राहते. ताईची काळजी याने मिटत नाही. तो पुढे उभा राहणार, हे खरेच आहे. पण घेतलेल्या डोळ्यांनी कुठे बघायचे, याचा थोडासा हक्क त्याच्याकडे उरतो.

ऑपरेशन झाले. चार दिवस डोळे चुरचुरले, काळा चष्मा लावून बसला. महिन्याभराने मी विचारले, "काय रे, फरक काय पडला?"

"मामा, सकाळी उठल्यावर भिंतीवरचं घड्याळ दिसतं. आणि हिचा चष्मा रात्री पलंगाखाली पडलेला असतो ना, तो आता मीच शोधून देतो."

हा लाभ लष्कराच्या योजनेत कुठे नमूद नाही.